रिकामा तराजू उचलून दाखवा

पंचफुलाचे डोळे वाकडे आहेत, असं यंत्रानं सांगितलं, ही बातमी आमच्या घरी वांग्यांच्या रिकाम्या पाट्यांबरोबर आली.

आमचे मालक, हिंमतराव, मोताळ्याच्या बाजारातून परतले होते. पाट्या ओट्यावर टाकल्या, पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मगच बोलले. वाईट बातमी ते नेहमी पाणी पिऊन सांगतात.

"ग्रामसेवक भेटला बाजारात. नर्सबाईच्या शिक्षणाले आपल्या पंचफुलाले घेत नाई म्हणते. डोळ्यात खोट हाये तिच्या."

"कोण म्हणते?" मी विचारलं.

"यंत्र म्हणते. बुलढाण्याले फोटो काढला होता नं डोळ्याचा? तो वाकडा आला."

पंचफुला आमची सून. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला नाही, फक्त ताल चुकला.

भिंतीपलीकडून माझे दीर महादेवराव यांना सगळं ऐकू जातं. ते लगेच दारात आले. सुनेनं नर्सबाई व्हावं हे त्यांना पहिल्यापासून रुचलं नव्हतं. "देवानंच निकाल देला, वहिनी," ते म्हणाले. "आपण कोण बोलणारे? आता त्या पोट्टीचे डोळे जाणार असले तर तिच्या बापाले बोलवा. पाहून घेईन तो."

"भावजी," मी म्हटलं, "देवाचा निकाल ग्रामसेवकाच्या तोंडून कवापासून यायले लागला?"

मालक हसले. महादेवराव नाही हसले.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. धामणगाव बढ्याला सरकारी नर्सबाई येणार, येणार असं आम्ही ऐकत होतो. एक आली आणि पावसाळा लागायच्या आत गेली, कारण परक्या गावात एकटीला कोण राहू देतं? तेव्हा बुलढाण्याच्या एका धर्मादाय दवाखान्यानं ठरवलं की गावचीच सातवी शिकलेली बाई शिकवून गावालाच परत द्यायची. पंचफुला सातवी शिकलेली होती. तिचं माहेर बीबी. लग्न ठरवताना तिच्या बापानं हुंड्याबद्दल तोंड उघडायच्या आत माझा हात धरून एवढंच विचारलं होतं, "बाई, हिचं शिक्षण वांग्याच्या वाफ्यात तर नाही ना पुरणार?" मी नाही म्हटलं होतं. आमच्या कुळदैवतासमोर म्हटलं होतं. तो शब्द न पाळता मला मरता येणार नव्हतं.

रात्री जेवताना मी विचारलं, "पंचफुला, तुले दिसते का नीट?"

"आत्याबाई, त्या पाटीवरचे सगळे अक्षरं मी वाचले. खालची बारीक ओळ बी वाचली. सिस्टर म्हणल्या, शाब्बास. मग मला अंधाऱ्या खोलीत नेलं. हनुवटी एका वाटीत ठेवा म्हणले, कपाळ पट्टीला टेकवा. समोर ही एवढी मोठी चकती, तिच्यावर काळे-पांढरे गोल, एकात एक, कडीत कडी. मधी भोक. भोकातून डॉक्टर बघतेत. गोलांचा उजेड आपल्या डोळ्यात पडतो अन् डोळा आरशासारखा ते परत दाखवतो, असं म्हणले. अन् मग खटकन् फोटो."

"अन् आणखी कोणाले नाई म्हटलं?"

"हिवरा आश्रमाकडची एक सत्यभामा होती. ती तर तिथंच ओट्यावर बसून रडली."

माझा मुलगा निवृत्ती ताटाकडे पाहूनच म्हणाला, "आई, जाऊ दे. यंत्रासंगं कोण भांडते?"

"मी भांडत नाई," मी म्हटलं. "मी विचारायले जाते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा देवापुढं तुपाचा दिवा लावला. आमच्या घरची रीत अशी की त्या दिव्याच्या ज्योतीवर पितळी ताटली उपडी धरायची, काजळी जमली की त्याच दिव्यातलं कोमट तूप तीत कालवायचं, पहिलं बोट देवाला आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यात. मी या घरात आले त्या सकाळी माझ्या सासूनं ते माझ्या डोळ्यात घातलं आणि ताटली माझ्या हाती दिली. सुतक सोडलं तर आमच्या घरातलं कोणी रिकाम्या डोळ्यानं उंबरा ओलांडत नाही. निवृत्ती इतका मोठा झाला, तरी डोळे पुढं करतो. आणि हे काजळ साधं नाही, पदरानं पुसलं तरी पापणीच्या आत संध्याकाळपर्यंत राहतं. गावात त्याचा नावलौकिक आहे.

त्या सकाळी मी पंचफुलाच्या डोळ्यांत जरा जास्तच घातलं. कामाला चाललो होतो. कोणाची दृष्ट नको.

पिशवीत दोन भाकरी, दिवा, ताटली, तुपाची डबी आणि कापूस घेतला. त्या वर्षी माझा लक्षवातीचा नेम होता. रोजच्या वाती वळून झाल्याशिवाय मी अन्न घेत नसे. एसटी घाट चढायला लागली तशी पंचफुलाला मळमळलं. मी तिला वाती वळायला दिल्या. हाताला काम असलं की पोट गप्प बसतं.

*

दवाखान्याच्या ओट्यावर बेबीताई नावाची सिस्टर भेटली. इकडचीच, मलकापूरकडची. पंचफुलाला पाहताच तिचा चेहरा उतरला.

"तुमी परत काऊन आल्या वो? सांगतलं नाई का ग्रामसेवकानं?"

"सांगतलं," मी म्हटलं. "म्हूनच आलो."

डॉक्टर मोठ्या गावाहून आलेले होते, तरुण, स्वच्छ कपड्यांचे, वागायला वाईट नव्हते. ते यंत्र घेऊन गावोगाव फिरत आणि दर ठिकाणी थोडे दिवस थांबत. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मी खाली बसले, तर म्हणाले, "वर बसा बाई." मग त्यांनी एक फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

मी पहिल्यांदाच माणसाचा डोळा एवढा मोठा पाहिला. काळ्याभोर बुबुळावर पांढरी कडी, एकात एक. वरच्या बाजूला सुरेख गोल. खाली मात्र ती फाटल्यासारखी, ओघळल्यासारखी, ओल्या रांगोळीवरून कोणाचा पदर गेल्यासारखी.

"बुबुळावर काचेसारखा एक पडदा असतो," डॉक्टर सांगू लागले. "त्याला आम्ही कॉर्निया म्हणतो. तो गोल असला की कडी गोल दिसतात. तुमच्या सुनेचा पडदा खालच्या बाजूनं पुढं येतोय, टोकदार होतोय, असं दिसतं. आज तिला चांगलं दिसतं. पण हा आजार हळूहळू वाढतो. पाच वर्षांनी बाळंतिणीच्या उशाशी उभी राहील आणि तिला नाडीचं घड्याळ दिसणार नाही. मग काय करायचं?"

पंचफुला मान खाली घालून बसली होती. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"साहेब," मी म्हटलं, "पुन्हा एकदा पाहता का?"

माझा आवाज मुळातच लहान. डॉक्टरांनी कान पुढं केला. मी पुन्हा म्हटलं.

"बाई, यंत्र खोटं बोलत नाही."

"खोटं नाई म्हणत मी. पुन्हा पाहा म्हणते."

ते बेबीताईकडं पाहून हसले आणि उठले. माणूस वाईट नव्हता, म्हटलं ना. पंचफुलानं हनुवटी वाटीत ठेवली, कपाळ टेकवलं. डॉक्टर भोकातून पाहत राहिले. मग दुसरा डोळा. मग मागं सरकले.

"तेच. अगदी तेच, तिथंच. आता तरी पटलं?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही वाटलं, यंत्रच खरं असेल. दोनदा तेच. माझ्या डोळ्यांसमोर पंचफुला काठी टेकत आमच्या मळ्याच्या बांधावरून चाललेली दिसली. आणि महादेवराव दारात उभे राहून म्हणत होते, देवानंच निकाल दिला.

मग मला आमच्या बाजारातल्या काट्याची आठवण झाली.

"साहेब, आमी भाजीवाले. बाजारात माल टाकायच्या आधी आमी म्हणतो, रिकामा तराजू उचलून दाखवा. दांडी सरळ राह्यली तर ठीक. एका अंगाले कलली तर तो पासंग. अन् पासंगाचा तराजू दहा वेळा तेच वजन सांगते. खोटं असते, पण तेच सांगते. तुमी दोनदा मापलं अन् तेच आलं. पण रिकामा उचलून पाह्यला का?"

"हे जर्मनीचं यंत्र आहे, बाई. भाजीचा तराजू नाही."

"मापते तर दोन्ही."

"आत्याबाई," पंचफुला हळूच म्हणाली, "चला."

"तू बस."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, बाहेर शंभर माणसं बसलीत. उद्या सकाळी मला यंत्र घेऊन मेहकरला शिबिराला जायचंय. मी तुम्हाला दोनदा दाखवलं. आता तुम्ही जा."

"जाते," मी म्हटलं आणि उठले. बाहेर आले. ओट्यावर, त्यांच्या दाराच्या समोर, पदर सावरून बसले आणि पिशवीतून कापूस काढला.

बेबीताई धावत आली. "अव मावली, इथं नका बसू! लोकाईचा रस्ता हाये."

"रस्ता सोडून बसली मी. माझ्या वाती राह्यल्या हायेत बाई. वाती झाल्याशिवाय मी जेवत नाई, अन् जेवल्याशिवाय एसटीत बसवत नाई. साहेबाले सांग, माझं काहीच म्हणणं नाई."

लोक आत जात होते, बाहेर येत होते. प्रत्येक जण विचारायचा, बाई काऊन बसल्या? पंचफुला काही बोलायची नाही. मीही नाही. पण बेबीताईच्या पोटात गोष्ट राहत नव्हती. "सुनेचे डोळे वाकडे निंघाले, पण सासू म्हणते यंत्र वाकडं हाये," ती सांगायची. एक म्हातारा, डोळ्याला पट्टी बांधलेला, हे ऐकून आत गेला आणि डॉक्टरांना मोठ्यानं म्हणाला, "साहेब, माह्या डोळ्यावर तर पासंग नाई नं?"

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. गोरा चेहरा तांबडा झाला होता.

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"माझा डोळा मापा," मी म्हटलं.

"तुमचा? कशाला?"

"मी काही नर्सबाई होनार नाई. माझ्या डोळ्यानं कोणाचं वाईट होत नाई. तुमच्या यंत्रानं मले सरळ सांगतलं, तर मी उठते अन् जाते. पुन्हा या दारात दिसनार नाई."

*

मी हनुवटी वाटीत ठेवली. वाटी थंड होती. चकतीचा उजेड असा की मला आमच्या देवघरातला दिवा अंगावर आल्यासारखा वाटला. डॉक्टर भोकातून पाहू लागले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो ऐकू येईनासा झाला.

"दुसरा डोळा," ते म्हणाले.

दुसरा डोळा झाला. मग पुन्हा पहिला. मग त्यांनी पंचफुलाचा फोटो उचलला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मायलेकी आहात का?"

"सासू-सून."

"लग्नाआधीचं नातं? भावाची मुलगी वगैरे?"

"नाई साहेब. ही बीबीची. आमी धामणगाव बढ्याचे. मधात आख्खा जिल्हा."

"मग दोघींना एकच आजार कसा? डोळ्याच्या त्याच जागी?"

हे ते मला विचारत नव्हते. स्वतःलाच विचारत होते. पण मी म्हटलं, "तेच विचारायले मी आली होती."

उजेडानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हातात कापूस होताच, वातीचा. त्यानं डोळा टिपला. शुभ्र कापूस काळा झाला, आणि बोटांना लागला तसा मऊ, चिकट.

बेबीताईनं तोंडावर हात घेतला. "अव माय! काजळ? मी सगळ्या पोट्ट्याईले पुसून या म्हटलं होतं!"

"पुसलं होतं, सिस्टर," पंचफुला म्हणाली. "तवाही अन् आजही. पण हे देवाच्या दिव्याचं हाय. आतलं निघत नाही."

डॉक्टरांनी माझ्या हातातला कापूस घेतला. दोन बोटांत चोळला. नाकापाशी नेला.

"तूप?"

"गाईचं," मी म्हटलं. मला वाटलं, भलतंसलतं तूप नव्हे, हे कळलेलं बरं.

ते खुर्चीत बसले. कापूस उलटसुलट करून पाहिला. मग एकदम चिडले. चिडलेला माणूस गप्प माणसापेक्षा बरा, निदान तो कुठं आहे ते कळतं.

"म्हणजे चूक तुमचीच! डोळ्यात तूप घालून येता आणि माझ्या यंत्राला नावं ठेवता! डोळ्यावरच्या पाण्यावर तुपाचा थर आला की कडी मोडणारच. हे आधी सांगायला नको?"

ज्या बोटानं मी या घरातल्या सगळ्यांची दृष्ट राखत आले, त्याच बोटानं माझ्या सुनेची वाट अडवली होती. पण ते दुःख घरी नेऊन करायचं होतं. इथं नाही.

"हाव," मी म्हटलं. "काजळ माझं. तूप माझं. ते घातलं मी. पण मंग साहेब, तुमी फोटो तुपाचा काढला. डोळ्याचा नाई काढला. अन् खोट लिहिली ती पंचफुलाच्या नावावर. तुपाच्या नावावर लिहायची होती."

बेबीताईनं पाठ फिरवली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"सत्यभामाच्या डोळ्यात बी होतं," पंचफुला मध्येच म्हणाली. "तिच्याही आईनं घातलं होतं. आम्ही दोघींनी माझ्याच पदरानं पुसलं."

डॉक्टरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "सिस्टर, दोघींचे डोळे बोरिकच्या पाण्यानं धुवा. नीट."

बेबीताईनं असे धुतले की जन्माचं काजळ निघालं. आमचे डोळे मिरची लागल्यासारखे लाल झाले. डॉक्टरांनी विजेरीनं पाहिलं आणि मान हलवली.

"आता मोजण्यात अर्थ नाही. चुरचुरणाऱ्या डोळ्यावर कडी पुन्हा मोडतील, आणि तुम्ही म्हणाल बोरिकचा फोटो काढला. रात्रभर चोळू नका. उद्या सकाळी या. पण माझी जीप लवकर निघते, सांगून ठेवतो. थांबणार नाही."

"तुमच्या जीपच्या आधी आमचा दिवस उगवते," मी म्हटलं.

*

धर्मशाळेत आम्हाला एक कोपरा मिळाला. पहाटे मी हातपाय धुऊन दिवा काढला, तूप घातलं, माझ्याच हातची वात लावली. ज्योत सरळ उभी राहिली. हात सवयीनं पिशवीत गेला आणि ताटलीला लागला.

पंचफुला माझ्यासमोर डोळे पुढं करून बसली होती. तिलाही सवय झाली होती. मग आम्हा दोघींना एकदमच आठवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आज रिकाम्या डोळ्यानं जायचं?"

"हाव."

"अपशकुन नाही होणार? इतकं मोठं काम हाय. घरात काही वाईटवंगाळ झालं तर? काकाजी म्हणतील..."

"महादेवराव जे म्हननार ते त्याईचं तोंड हाये, शकुन नाई."

म्हटलं खरं, पण ताटली काही माझ्या हातातून सुटेना. माझ्या सासूनं मरताना तेवढीच एक गोष्ट विचारली होती, काजळ घातलं का सगळ्यांना? मी दिव्याकडे पाहिलं. दिव्यानं काही मागितलं नव्हतं. त्यानं कधीच काही मागितलं नव्हतं. वात, तूप, एवढंच. बाकीचं आम्ही जोडलेलं.

"पंचफुला, दिवा लावला तो देवाले. त्यात खंड नाई पडला. अन् तुझे डोळे बी त्यानंच घडवले नं? एक दिवस लोकाईले पाहू दे, कसे घडवले ते. वरून आपलं काही न लावता."

मी ताटली पिशवीत परत ठेवली. तिच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं. माझे डोळेही रिकामेच ठेवले. धर्मशाळेतून बाहेर पडताना उंबऱ्यावर आम्ही दोघी क्षणभर थांबलो, थंड पाण्यात उतरताना थांबतात तशा. मग मी आधी पाय टाकला.

दवाखान्यासमोर जीप उभी होती. यंत्राची पेटी मात्र अजून भरलेली नव्हती. आत डॉक्टर एकटेच अंधाऱ्या खोलीत होते. हनुवटीच्या वाटीच्या वर, माणसाच्या डोळ्याच्या जागी, त्यांनी एक चकचकीत पोलादी गोळी बसवली होती.

"या," ते म्हणाले. "बघा, हा माझा रिकामा तराजू. ही गोळी एकदम गोल असते, म्हणून यंत्राबरोबर देतात. यंत्र चुकत असेल तर हिच्यावर कडी मोडतील." थोडं थांबून म्हणाले, "पेटीतून काढली नव्हती मी. रेल्वेनं आल्यापासून."

मी भोकाला डोळा लावला. गोळीवर कडी अशी बसली होती की कुंभारानं चाकावरून उतरवून ठेवावी.

"म्हणजे यंत्र सरळ हाये," मी म्हटलं.

"यंत्र सरळ आहे."

"मग आता माणूस बसवा."

त्यांनी पंचफुलाला बसवलं. एकदा पाहिलं. तिला उठवलं, खोलीत फिरवून आणलं, पुन्हा बसवलं, पुन्हा पाहिलं. मी काही बोलले नव्हते, तरी तिसऱ्यांदा पाहिलं. बेबीताईलाही भोकातून पाहायला लावलं. माझा हात पदराखाली कापूस चुरगाळत होता.

"गोल," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही. तिन्ही वेळा. कुठं काही खोट नाही."

पंचफुला तशीच बसून राहिली, हनुवटी वाटीत, कपाळ पट्टीला. "उठ नं वो," बेबीताई म्हणाली, "झालं." तरी ती उठेना. तिच्या बिनकाजळाच्या डोळ्यांतून पाणी चकतीच्या उजेडात उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती. डोळे चोळू नका असं काल सांगितलं होतं ना.

डॉक्टरांनी मग हौसेनं माझाही डोळा पाहिला. उजवा गोल. डाव्यात एका जागी कडी दबलेली. "इथं काही लागलं होतं का?"

"लहानपणी बोरीचा काटा."

"तोच व्रण दिसतोय."

"म्हंजे खरं असलं तर खरं बी सांगते तुमचं यंत्र," मी म्हटलं, आणि ते पहिल्यांदा मनापासून हसले.

त्यांनी बेबीताईला सांगितलं की पंचफुलाचं नाव यादीत घ्या. मग यंत्र कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. गोळी मखमलीच्या डबीत घातली आणि ती डबी स्वतःच्या खिशात टाकली. पेटी जीपमध्ये गेली. आम्हाला नमस्कार करून ते पुढच्या जागेवर बसले.

मी जीपपाशी गेले.

"साहेब, त्या सत्यभामाचं काय?"

"कोण सत्यभामा?"

"हिवरा आश्रमाची. तिच्याही डोळ्यात काजळ होतं. सुनेनं काल सांगतलं तुमाले."

त्यांनी एक लांब श्वास घेतला. "बाई, तुमचं काम झालंय. आता घरी जा. तिला निरोप पाठवतो मी, महिन्याभरात."

"निरोपानं जे नासलं ते निरोपानं नीट होत नाई. ग्रामसेवक तिच्या बापाले सांगून आला असन का पोट्टी आंधळी होनार हाये. महिन्याभरात तिच्या घरचे काय काय करतीन तुमाले ठाऊक नाई. मेहकरले जाता नं तुमी? हिवरा रस्त्यातच हाये."

"मी तिचं घर कुठं शोधू?"

"माझी सून वळखते तिले."

"मला शिबिराला उशीर होतोय!"

मी रस्ता सोडून, जीपच्या चाकापासून हातभर बाजूला, बैठक मारली आणि पिशवीतून कापूस काढला. त्या दिवसाच्या वाती अजून व्हायच्या होत्या, त्यामुळे त्यात लबाडी अशी काहीच नव्हती.

ड्रायव्हरनं डॉक्टरांकडे पाहिलं. बेबीताई ओट्यावरून म्हणाली, "साहेब, काल दुपारभर पाह्यलं नं तुमी? ह्या उठत नाईत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग उतरले आणि मागचं फळकूट स्वतः खाली पाडलं. "बसा."

आम्ही बसलो. यंत्राची पेटी धक्क्यानं हलू नये म्हणून पंचफुलानं ती मांडीवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी, दोन्ही हातांनी. जीप चिखलीच्या रस्त्याला लागली. थोडं पुढं गेल्यावर डॉक्टरांनी मान वळवली.

"आणि तिनं आज सकाळी काजळ घातलं असलं तर?"

"तर डोळे धुऊ. अन् थांबू."

"मला थांबायला वेळ नाही, बाई."

"मले हाये," मी म्हटलं, आणि वात वळायला घेतली.